सुगंधी पाइप तंबाखू बरणीत भरण्याआधी

सुगंधी पाइप तंबाखूचा वास पानात नसतो, पानावर असतो. आधी साखर, मोलॅसिस, ज्येष्ठमध अशा गोड द्रावणात पान मुरवतात, त्याला केसिंग म्हणतात. पान कापून झाल्यावर शेवटी व्हॅनिला, चेरी किंवा रमचा अर्क फवारतात, ते टॉपिंग. डबा उघडताच नाकाला जाणवतं ते टॉपिंग, आणि सगळ्यांत आधी उडून जातं तेही तेच. म्हणून साधी, बिनसुगंधी व्हर्जिनिया (तंबाखूच्या पानाचा एक प्रकार) दहा-पंधरा वर्षं मुरवत ठेवतात तो हिशोब इथे लावू नका. सुगंधी मिश्रणांत बहुधा भरपूर असणारी ब्लॅक कॅव्हेंडिश ही काळी तंबाखू कारखान्यातच वाफवून, दाबून तयार झालेली असते. तिच्यात पुढे बदलण्यासारखं फारसं उरत नाही. इथे काम मुरवण्याचं नाही, राखण्याचं आहे. बरणीतल्या साठ्याचा बेत दोन-तीन वर्षांचाच ठेवा, मिश्रणात व्हर्जिनिया जास्त असेल तर थोडा लांबवा. कारखान्याचा सीलबंद पत्र्याचा डबा न उघडता याहून बराच जास्त टिकतो, त्यामुळे जो इतक्यात ओढायचा नाही तो उघडूच नका. पाऊचचं मात्र उलट: ते प्रवासासाठी आणि खिशासाठी आहे, साठवणीसाठी नाही.

आता मुहूर्त. मुंबईत किंवा कोकणात हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. जुलैच्या हवेत तंबाखू पसरून ठेवली तर ती वाळायची सोडून पाणी ओढते, आणि तीच ओल झाकणाखाली बंद होते. विदर्भात एप्रिल-मे टाळा. तिथे तेव्हाची हवा इतकी कोरडी असते की जराशा दुर्लक्षाने पान कुरकुरीत होतं. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी हीटर चालू असलेल्या खोलीचं तेच समजावं.

बरण्या काचेच्याच घ्या, फिरकीच्या झाकणाच्या, आणि नव्या. लोणच्याची किंवा कॉफीची रिकामी बरणी कितीही घासली तरी झाकणाच्या आतल्या मऊ अस्तरात जुना वास राहतो आणि सहा महिन्यांत तो तंबाखूला लागतो. चिनी मातीची बरणी आणि स्टीलचा डबा दिसायला घट्ट, पण हवाबंद नसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तर वास सरळ बाहेर झिरपतो. तारेच्या चापाची, रबरी कडं असलेली बरणी चालते, मात्र कडं काही वर्षांत कडक होऊन चिरतं, ते बदलायची तयारी ठेवा. माप साधारण असं: 250 मिलीच्या बरणीत 50 ते 55 ग्रॅम सुटी कापलेली तंबाखू बसते, 500 मिलीच्या बरणीत 110 ग्रॅमच्या आसपास. एका मोठ्या बरणीपेक्षा चार लहान बऱ्या, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडलं की वरची हवा वास घेऊन जाते.

बरण्या बिनवासाच्या साबणाने धुऊन 10 मिनिटं पाण्यात उकळा. झाकणं उकळू नका, अस्तर खराब होतं. गरम पाण्यात बुडवून काढली की पुरे. मग स्वच्छ कापडावर उपड्या घालून रात्रभर वाळू द्या. कडेच्या आट्यांत थेंब अडकतो, तो नीट पाहा. बुरशीची सुरुवात बरेचदा तिथूनच होते. काही जण बरणी गरम असतानाच भरतात, थंड होताना झाकण आत ओढलं जाऊन पक्कं बसतं म्हणून. सुगंधी तंबाखूला ही युक्ती लावू नका: उष्णतेने टॉपिंगच उडतं.

भरण्याआधी ओल तपासा, आणि या एका पायरीला वेळ द्या. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली, कुरकुरून तुटली तर कोरडी, हळूहळू उलगडली तर ठीक. पण सुगंधी मिश्रणांत ही परीक्षा फसवते. त्यांत बहुतेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. ते ओल धरून ठेवतं आणि स्वतः फार सावकाश उडतं, म्हणून हवी तितकी वाळल्यावरही तंबाखू बोटांना ओलसर, चिकट लागते. ती कोरडी लागेपर्यंत पंख्याखाली ठेवणं ही इथली नेहमीची चूक, तेवढ्यात वास निघून जातो. थाळीत पातळ पसरून अर्धा तास, पंखा न लावता, एवढंच करा. चिकटपणा राहिला तरी चालेल. ओढायच्या दिवशी लागेल तेवढीच वेगळी वाळवता येते.

बरणी गळ्यापर्यंत भरा, पण ठासू नका. वर जितकी पोकळी तितका वास त्या पोकळीत जाणार. एका बरणीत एकच मिश्रण. लाटाकिया म्हणजे धुरावर वाळवलेली तंबाखू. तिच्या मिश्रणाला लावलेला हात लगेच व्हॅनिलाच्या बरणीत घालू नका. बाहेरून पट्टी चिकटवून त्यावर नाव, वजन, भरल्याची तारीख आणि ओल कशी वाटली ते लिहा. वर्षभराने दोन काळपट मिश्रणं नुसती बघून ओळखता येत नाहीत.

आर्द्रता राखणारी पाकिटं हवाबंद बरणीत लागत नाहीत. घालायचीच तर 62 किंवा 65 टक्क्यांची घ्या. सिगारसाठीची 69-72ची सुगंधी तंबाखूला जास्त होतात. ओल शोषून घेणारं सिलिका जेल बरणीत कधीच नको. तंबाखू आधीच वाळलेली असेल तर सफरचंदाची फोड, बटाटा, लिंबाची साल यांतलं काहीही घालू नका, त्यांच्यावर बुरशी लवकर धरते. नव्या, बिनरंगाच्या पणतीचा तुकडा उकळून घ्या, डिस्टिल्ड पाण्यात 20 मिनिटं भिजवा, पुसा, फॉइलच्या तुकड्यावर ठेवून बरणीत एक दिवस राहू द्या आणि न विसरता काढा.

जागा अंधारी, आणि तापमान फार वरखाली न होणारी हवी. स्लॅबखालचा माळा मे महिन्यात तापतो, तो नको. फ्रिज नको: बाहेर काढताच काचेवर आणि झाकणाखाली पाणी सुटतं. आतल्या भिंतीच्या कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. तिथे कापूर, अगरबत्ती, डांबराच्या गोळ्या नसाव्यात. मसाल्यांचं कपाटही टाळा, कारण हळद-धण्यांना लागणारा तपकिरी भुंगेरा तोच, ज्याला तंबाखूचा किडा म्हणतात. पानाला टाचणीएवढी भोकं आणि तळाशी भुकटी दिसली तर ती बरणी घराबाहेर काढा. सीलबंद पत्र्याचे डबे भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात गंज धरला की सील जातं. त्यांच्या खोक्यात सिलिका जेल जरूर ठेवा. आणि कपाटाला कुलूप लावा: चेरी-व्हॅनिलाचा वास मुलांना खाऊसारखा वाटतो आणि निकोटीन पोटात गेलं तर विषबाधा होते.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला झाकण न उघडता काचेतून पाहा. झाकणाखाली दव दिसलं तर बरणी उघडून तंबाखू अर्धा तास पसरा आणि पुन्हा भरा. पानांवर बारीक चकाकणारे कण दिसले तर घाबरू नका, जुन्या व्हर्जिनियावर ते येतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी, राखाडी किंवा हिरवट लव आणि कुबट वास ही बुरशी. तेव्हा वरचा थर काढून उरलेली वाचवायला जाऊ नका, तंतू आत पसरलेले असतात आणि तो धूर तुमच्या तोंडात जाणार आहे. सगळी फेका, बरणी उकळा, झाकण नवं घ्या.