कर्नलच्या डीबग ओळींतली वेळ सुटसुटीत कशी करावी

ड्रायव्हरच्या डीबग ओळींत स्वतःची वेळ छापत असाल तर आधी ती खोडा. लिनक्स कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन, प्रिंटके, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंसात वेळ लावतंच: साधारण बूटपासूनचे सेकंद, टिंबापुढे सहा आकडे. दिसत नसेल तर बूटच्या पॅरामीटरमध्ये प्रिंटके-डॉट-टाइम १ करा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

उरलेल्यांना ओळ छापली ती वेळ नको, घटना घडली ती हवी असते. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरचा इशारा, आत्ता आला, ओळ मात्र नंतर वर्कक्यूमधून, म्हणजे मागे ठेवलेल्या कामांच्या रांगेतून, छापायची आहे. मग इंटरप्टच्या हँडलरमध्येच लोकल-क्लॉक हे कर्नलचं घड्याळ वाचून ठेवा. प्रिंटकेचं घड्याळही तेच, त्यामुळे वेळा जुळतात. तारीख-वार कर्नलमध्ये काढत बसू नका.

खरी गोम पुढे आहे. हातात ६४ बिटी नॅनोसेकंद, हवेत सेकंद आणि मायक्रोसेकंद. 'सरळ भाग द्या की' म्हणणाऱ्याने ३२ बिटी बोर्ड पाहिलेला नसतो. माझं मोड्यूल लॅपटॉपवर मुकाट्याने बिल्ड झालं. एआरएम बोर्डासाठी मात्र भागाकाराचं कुठलंसं फंक्शन सापडत नाही म्हणून अडलं. ते फंक्शन असलेली जीसीसी कंपायलरची लायब्ररी कर्नलला जोडलेलीच नसते.

मग कर्नलचं भागाकारासाठीचं डू-डिव सापडलं आणि त्यात दोन दिवस गेले. दिसायला फंक्शन, पण आहे मॅक्रो: बाकी परत देतं आणि भागाकार तुमच्याच व्हेरिएबलमध्ये कोंबतं. मी ते प्रिंटकेच्या कंसातच लिहिलं, शेजारी तेच व्हेरिएबल. कुठलं आर्ग्युमेंट आधी मोजायचं हे सी भाषा ठरवून देत नाही. सेकंदांच्या जागी अकरा आकडी नॅनोसेकंद उमटायचे. डू-डिव वेगळ्या ओळीवर लिहा, तेही आकड्याच्या प्रतीवर. मी आता डिव-यू६४-रेमच वापरतो: भागाकार परत मिळतो, बाकी पॉइंटरमधून, लपवाछपवी नाही. त्या बाकीला भागाकाराच्या साध्या चिन्हानेच हजाराने भागा. ती ३२ बिटांत मावते.

छापताना मायक्रोसेकंदांना सहा घरं द्या आणि रिकाम्या घरांत शून्यं भरा. मी शून्यं विसरलो आणि १२.०००४५० चं १२.४५० झालं. साडेचारशे मायक्रोसेकंद साडेचारशे मिलिसेकंद भासले आणि मी बिचाऱ्या डीएमएवर (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या यंत्रणेवर) संशय घेत बसलो.

वाचताना तारीख हवी तर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडला कॅपिटल टी हा पर्याय द्या. मधल्या काळात मशीन सस्पेंड झालं असेल तर त्या तारखेवर विसंबू नका. झोपेतला वेळ त्यात धरलेला नसतो.