लॉन ट्रॅक्टरला ब्लेड लावताय? आधी मागच्या चाकांचं बघा

आम्ही मिशिगनमधे ग्रँड रॅपिड्सच्या जवळ राहतो, लेक मिशिगनवरून थंड वारा सुटला की लेक इफेक्टचा स्नो नुसता कोसळतो, सीझनला 70 इंच म्हणजे काही विशेष नाही. दोन वर्षं फावड्याने काढला, कंबरेची वाट लागली, मग गवत कापायचा ट्रॅक्टर हिवाळाभर गराजमधे झोपलेलाच असतो म्हणून त्यालाच पुढे लावायचं, स्नो ढकलायचं 48 इंची ब्लेड घेतलं. पहिल्या दिवशी काय झालं तर ब्लेड मस्त खाली टेकलं आणि मागची चाकं जागेवर गरगर फिरत बसली.

गावाकडे कुळव जमिनीत घुसत नसला की वर दगड ठेवतात, तेच गणित आहे हे. ट्रॅक्टर इंजिनच्या जोरावर ढकलत नाही, टायरला पकड असेल तेवढंच ढकलतो. आणि लॉनचे टायर गुळगुळीत असतात मुद्दाम, गवत खराब होऊ नये म्हणून. त्यात ब्लेड उचललं की ते पुढे लोंबकळतं आणि मागचा भार अजून कमी होतो. म्हणून मागच्या चाकांना चेन पाहिजेच. घालताना टायरची थोडी हवा सोडा, चेन चढवा, मग हवा भरा, घट्ट बसते. वजनासाठी मागे वाळूची 60 पौंडी ट्यूब बॅग नीट बांधा किंवा चाकाला लावायची लोखंडी वजनं घ्या. काही जण टायरमधे गाडीच्या काचेचं वॉशर फ्लुइड भरतात, चालतं, पण साधं पाणी भरू नका, गोठतं.

खालचं कापायचं डेक काढून ठेवा. ऑइल बदला, माझ्या मॅन्युअलमधे थंडीसाठी 5डब्ल्यू-30 लिहिलंय, तुमचं बघून घ्या. बॅटरी छोटी असते, थंडीत मान टाकते, तिला ट्रिकल चार्जर (हळूहळू चार्ज करत राहणारा) लावून ठेवा.

जमीन गोठायच्या आधी ड्राइव्हवेच्या कडेने काठ्या ठोका, म्हणजे स्नोखाली कड कुठे आहे ते कळतं. मी आळस केला होता, कडेच्या फरशीला ब्लेड जाऊन आपटलं. नशीब त्याला स्प्रिंग असतात, अडकलं की ब्लेड पुढे झुकतं आणि सगळा झटका ट्रॅक्टरवर येत नाही, पण जोरात असाल तर तुम्ही स्टिअरिंगवर येता. म्हणून स्पीड माणूस चालतो तेवढाच. खडीचा ड्राइव्हवे असेल तर ब्लेडखालचे बूट (ब्लेड जमिनीपासून वर ठेवणारे लोखंडी पाय) अर्धा-एक इंच खाली करा, नाहीतर सगळी खडी लॉनवर आणि उन्हाळ्यात वेचत बसा (मी वेचलीये).

आता मेन गोष्ट, स्नो थांबायची वाट बघू नका, तीन-चार इंच झाला की बाहेर पडा, दहा इंच पडणार असेल तर तीनदा जा. एकदम दहा इंच, तोही ओला, या यंत्राच्या आवाक्यातलं काम नाही. ब्लेड तिरकं करून मधून सुरू करा आणि कडेला सारत जा. गराजच्या दाराशी ब्लेड उचलून जा, खाली टेकवा आणि रिव्हर्समधे मागे ओढा. पहिल्या स्नोपासूनच ढीग लांब, लॉनवर आत ढकला, कारण तो गोठून दगड होतो आणि मग जानेवारीत ड्राइव्हवे एका गाडीपुरता उरतो.

रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं तर ढीग उजव्या हाताला करा. रस्त्यावरचा स्नो काढणारा सरकारी प्लाउ डावीकडून येतो, उजवीकडचा ढीग तो तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणत नाही. डाव्या बाजूला रस्त्याकडेची थोडी जागा मोकळी केली तर त्याच्या ब्लेडवरचा माल तिथेच सांडतो. आणि रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे स्नो ढकलू नका, मिशिगनमधे ते बेकायदेशीर आहे.

याच ब्लेडने माती ढकलायचं म्हणाल तर हा बुलडोझर नाहीये हो. सुटी माती, मुरूम, खडी पसरवायला ठीक आहे, दोन-दोन इंचाचे थर करत. घट्ट जमीन खणायला गेलात तर स्प्रिंगवर ब्लेड सारखं वाकणार आणि हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर तापणार, बऱ्याच लॉन ट्रॅक्टरचा तो हलक्या कामासाठीच असतो आणि गेला की खर्च ट्रॅक्टर विकावासा वाटेल इतका. आधी टिकावाने माती सैल करा, मग ढकला, आणि खणायच्या काही दिवस आधी 811 ला फोन करा, फुकट येऊन जमिनीखालच्या गॅस लाइन आणि वायरच्या खुणा करून जातात. उतारावर आडवं चालवायचं नाही, सरळ वर-खालीच.

आणि हो, डेक काढताना बेल्ट कुठून कसा गेलाय त्याचा फोटो काढून ठेवा. मी नव्हता काढला, एप्रिलमधला एक अख्खा शनिवार त्या बेल्टखाली आडवा पडून गेला.