संशोधनासाठी संमती घ्यायची, ती अशी

माहितीपत्रक मराठी आणि कन्नड, दोन्ही सोबत ठेवा. बेळगावजवळच्या खानापूरकडे सासू मराठी वाचणारी आणि सून कन्नड शाळेत शिकलेली, अशी घरं पुष्कळ. भाताच्या सुगीत दिवसा जाऊ नका. गावच्या आशा कार्यकर्तीला बरोबर न्या, पण बोला तुम्ही.

आधी सांगायचं: हे संशोधन आहे, तुमचा नेहमीचा उपचार नव्हे, नाही म्हणालात तरी दवाखान्यात सगळं पूर्वीसारखंच मिळेल.

घोडं अडतं ते चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडण्यापाशी. कुणाला औषध आणि कुणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो. हे घरच्यांच्या गळी उतरत नाही. "भिशीसारखं समजा" असं शिकवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. भिशीत ज्याचा नंबर लागतो त्याचा फायदा ठरलेला. इथं औषध मिळालेल्यांचाच फायदा होईल, हेच अजून कुणाला ठाऊक नसतं. मग सासूबाई हमखास विचारतात, "म्हणजे डॉक्टरांनाच म्हाईत न्हाई?" इथं सारवासारव केलीत की संपलं. सरळ सांगा: नाही माहीत, म्हणून तर तपासतोय. बेळगावचंच उदाहरण द्या. पहिलटकरणींना रोज थोडी ॲस्पिरिन दिली तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या जवळपास १२,००० बायकांमध्ये तपासलं, त्यात आपल्या भागातल्याही होत्या. कमी होतात, हे २०२० साली छापून आलं. त्याआधी खात्रीनं कुणालाच सांगता येत नव्हतं.

"समजलं का?" विचारू नका, मान सगळेच हलवतात. "आता हे तुमच्या जाऊबाईंना कसं सांगाल?" असं विचारा. "भारी औषध फुकट देणार हाईत" असं उत्तर आलं, तर कागद पिशवीत ठेवा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा. सही आज नको, दोन दिवसांनी घ्या.

सही अभ्यासात भाग घेणाऱ्या सुनेचीच. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची चालत नाही, मग घरात कितीही वजन असो. वाचता येत नसेल तर अंगठा, आणि सुरुवातीपासून हजर असलेला, संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार. मुलांच्या अभ्यासात आईवडिलांची सही लागतेच. शिवाय ७ ते ११ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, १२ च्या पुढे लेखी.

सही झालेली एक प्रत त्यांच्याच घरी राहते. ती रेशनकार्डाच्या पिशवीत जाते, हे ठरलेलं. म्हणून त्यावरचा, संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर जाड पेनानं अधोरेखित करून द्या, आणि मधेच सोडायचं झालं तर कारण द्यावं लागत नाही, हे उठताना पुन्हा एकदा सुनेलाच सांगा.