जुनी फायबर बोट: रंगाआधी मागची फळी वाजवून बघा

पानशेतच्या काठावर पावसाळे काढलेली जुनी फायबरग्लासची मोटरबोट घरी आणली, की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. तो आवरा. जिथे इंजिन टांगतात ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. टणक ‘टक्’ आला तर उत्तम. ‘बद्द’ आवाज आला तर आतलं लाकूड कुजल्याची दाट शंका. खात्रीसाठी इंजिनचा एक बोल्ट काढून भोकात तार फिरवा. काळपट ओला भुसा निघाला तर फळी बदलण्यावाचून गत्यंतर नाही, वरून कितीही रंग फासा.

तड्यात नुसती पुट्टी भरू नका, ती सुटते. कडांना ग्राइंडरने जाडीच्या साधारण 12 पट लांब उतार द्या, अॅसिटोनने पुसा, मग मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिनचे (घट्ट होणाऱ्या चिकट राळेचे) थर. सगळं खडखडीत कोरडं हवं, म्हणून पुण्यात हे काम पावसाआधीच उरकावं. एप्रिलच्या दुपारी उकाड्याने रेझिन डब्यातच घट्ट होतं. सकाळी लवकर, थोडं थोडं कालवा.

आणि हे मात्र कळकळीने सांगतो: कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. हार्डनरचा एक थेंबही डोळा कायमचा घालवू शकतो.