गैरसमज शोधायचा कसा आणि काढायचा कसा: रेबीजचं उदाहरण

मी परिचारिकांना आणि वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवते. वर्गात “रेबीज कशामुळे होतो?” असं विचारलं की सगळ्यांचे हात वर होतात. विषाणूमुळे, कुत्रा चावल्यामुळे. उत्तर बरोबर असतं, पण त्यातून मला काहीच कळत नाही. म्हणून मी असा प्रश्न टाकते: “शेजारच्या मुलाला आत्ता कुत्रा चावलाय, पोटरीतून रक्त येतंय, घरात मोठं माणूस तुम्हीच. काय कराल? क्रमाने सांगा.” आता खरी माहिती बाहेर येते. कुणी जखम घट्ट बांधतं, कुणी तिखट किंवा झाडपाल्याचा रस लावतं, कुणी आधी कुत्र्याचा मालक शोधायला निघतं. साबण आणि पाणी फार थोड्यांना आठवतं.

तुम्हाला लोकांशी किंवा सहकाऱ्यांशी या आजाराबद्दल बोलायचं असेल, तर सुरुवात अशीच करा. व्याख्या विचारू नका, कृती विचारा. उत्तर येत असताना मध्येच दुरुस्ती करू नका. एकाला टोकलं की बाकीचे गप्प बसतात आणि त्यांचे गैरसमज त्यांच्याबरोबर घरी जातात. सगळं ऐकून घ्या, लिहून ठेवा, मग एकेक बाब हातात घ्या.

पहिली बाब धुण्याची. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. “जखम धुवा” एवढंच सांगितलं तर लोक अर्धा मिनिट धुतात, म्हणून घड्याळ लावून दाखवा. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे नळाखाली हात धरल्याशिवाय पटत नाही. कारणही सांगा: विषाणू लाळेतून जखमेत उतरतो, तिथून नसांमध्ये (मज्जातंतूंमध्ये, रक्तवाहिन्यांमध्ये नाही) शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे जातो. नसेत शिरण्याआधी त्याला जितका धुऊन काढाल तितकं चांगलं. नंतर आयोडीनसारखं जंतुनाशक लावायचं. तिखटाने जखम भाजते आणि विषाणू आहे तिथेच राहतो.

दुसरा गैरसमज काढायला अवघड, कारण तो एके काळी खरा होता. “पोटात चौदा इंजेक्शनं” ही भीती उगाच आलेली नाही. प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली जुनी लस खरोखर पोटावर, रोज एक अशी, बरेच दिवस द्यावी लागायची. अशा वेळी आजोबांना “तुम्ही चुकताय” म्हणू नका. “तुम्ही पाहिलंत ते खरं होतं, आता लस बदलली आहे. ती दंडात देतात, मात्राही थोड्याच असतात” असं सांगा. माणसाचा अनुभव खोटा न ठरवता नवी माहिती दिली की ती ऐकली जाते.

आता मांत्रिक, दोरे आणि औषधी मुळ्या. इथे लोकांना हसणं हा सगळ्यात वाईट मार्ग. हे उपाय का टिकतात ते समजून घ्या. चावलेला प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, म्हणून उपाय कुठलाही केला तरी बरीच माणसं ठणठणीत राहतात आणि श्रेय उपायाला जातं. शिवाय विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. तोवर तो चावा कुणाच्या लक्षातही नसतो. एकदा लक्षणं सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. हा हिशेब शांतपणे मांडा. लोक तर्काला पारखे नसतात, त्यांना अर्धीच आकडेवारी दिसलेली असते.

लहान मुलांसाठी वेगळा वेळ ठेवा. संशयित प्राणी चावलेल्यांत सुमारे 40 टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात आणि ओरडा बसेल म्हणून ती घरी सांगत नाहीत. पालकांना एवढंच सांगा: चावल्याचं सांगणाऱ्या मुलाला रागवायचं नाही, कुत्र्याची खोडी त्याने काढली असली तरीही.

आता आपल्या माणसांकडे वळते, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते. मला जास्त काळजी इथली वाटते. गावातला गैरसमज दवाखान्यात आल्यावर दुरुस्त होऊ शकतो, दवाखान्यातला कुठे होणार? सहकाऱ्यांसोबत बसाल तेव्हा हे प्रश्न नक्की विचारा.

“कुत्रा पाळीव आहे, दहा दिवस वाट बघू या का?” नाही. लस आजच सुरू करायची. कुत्रा किंवा मांजर दहा दिवसांनंतरही निरोगी असेल तर पुढच्या मात्रा थांबवता येतात. दहा दिवसांचा नियम लस थांबवण्यासाठी आहे, पुढे ढकलण्यासाठी नाही.

“नुसता ओरखडा आहे, रक्त नाही, काय करायचं?” धुवायचं आणि लस द्यायची. रक्त आलं असेल किंवा तोंडाच्या, डोळ्याच्या आतल्या त्वचेला लाळ लागली असेल, तर ज्याने आधी लस घेतलेली नाही त्याला इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्यं) लागतं. जखम नसलेल्या त्वचेला नुसतं चाटलं असेल तर धुणं पुरे.

“इम्युनोग्लोब्युलिन कुठे द्यायचं?” या प्रश्नावर जाणती माणसंही “कमरेत” म्हणतात. ते जखमेत आणि जखमेच्या भोवती द्यायचं असतं, शक्य तितकं सगळं. लस घेतल्यावर शरीराला स्वतःचं संरक्षण उभं करायला दिवस लागतात आणि तोवर विषाणूला त्याच्या जागीच अडवायचं काम याचं. कमरेत दिलं तर जखमेपाशी पुरेसं पोचत नाही. लससुद्धा कमरेत कधीच नाही. मोठ्यांना दंडात, अगदी लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. जखम लगेच शिवायचीही नाही. शिवावीच लागली तर आधी इम्युनोग्लोब्युलिन, मग सैल टाके.

“बाई गरोदर आहे.” लस द्यायचीच. “चावून महिना झाला.” तरीही आजच सुरू करायची. हे दोन प्रश्न मी कधीच वगळत नाही, कारण परत पाठवलेली बाई किंवा उशिरा आलेला माणूस पुन्हा येईलच असं नसतं.

हीच पद्धत इतर आजारांनाही चालते. क्षयरोगात “ताट वेगळं ठेवाल का?” असं विचारा, मग कळेल की हवेतून पसरणारा आजार भांड्यांत शोधला जातोय आणि खिडकी मात्र बंद आहे. एचआयव्हीच्या बाबतीत “हातमोजे कुणासाठी घालता?” हा प्रश्न वॉर्डात विचारा. “ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह आहे त्याच्यासाठी” असं उत्तर आलं, तर ज्याची तपासणीच झालेली नाही त्याचं रक्त निर्धास्तपणे हाताळलं जातंय, असं समजा. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली आणि 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, मग 28 दिवस घ्यायची. आणि हिपॅटायटिस बी विसरू नका: लस न घेतलेल्या माणसाला टोचलेल्या सुईतून तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो.

सत्र संपल्यावर लगेच परीक्षा घेऊ नका, तेव्हा सगळ्यांना सगळं येतं. काही आठवड्यांनी तोच पोटरीचा प्रश्न पुन्हा विचारा. दवाखान्यात कागदावर विचारण्याऐवजी जखमी माणूस येतो त्या खोलीत जा. नळाला पाणी आहे का, साबण ठेवलाय का, पंधरा मिनिटं बसायला स्टूल आहे का ते बघा. नसेल तर तीच वस्तू आधी मागवा आणि मग पुढचं प्रशिक्षण ठरवा.