हरितगृहात मिरची लावताय? आधी जाळी आणि दार बघा

ऊन तापलं, हवा कोरडी झाली की पांढरी माशी आणि फुलकिडे झपाट्याने वाढतात. त्यामुळे बेड, खतं नंतर. आज जाळी बघा. बोकड्याने (पानं वळून आकसणारा रोग; त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते) गेलेल्या प्लॉटमध्ये पुन्हा पुन्हा तेच दिसतं: ठिबक नवं, रोपं महागाची आणि दाराच्या चौकटीशी जाळी उसवलेली.

भर दुपारी दार लावून आत उभे राहा. जिथे उजेडाचा ठिपका चमकेल तिथे खूण करा आणि त्याच दिवशी शिवा. जाळी पट्टीत धरणारी झिगझॅग स्प्रिंग सुटलेल्या जागा, तार घासते ते कोपरे आणि जमिनीलगतची कड हमखास तपासा. खालची कड मातीत गाडा. 40 मेश (एका इंचात 40 छिद्रं) जाळी पांढरी माशी अडवते. फुलकिडे बारीक, त्यांच्यासाठी 50 मेश त्यातल्या त्यात बरी, तीही त्यांना पूर्ण अडवत नाही. पण तिने हवा कोंडते, म्हणून वरची खिडकी मोठी हवी, तिलाही जाळी हवीच. दार दुहेरी करा. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मजूर असो की पाहुणा.

जुनं पीक मुळासकट काढा, आतलं-बाहेरचं तण काढा. मग ओल्या मातीवर 25 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक अंथरून, कडा दाबून, कडक उन्हात 4 ते 6 आठवडे हरितगृह बंद ठेवा. मातीतले फुलकिड्यांचे कोष तापून मरतात. हिरवं पान न मिळाल्याने माशी उपाशी मरते. एवढे दिवस रिकामं ठेवणं जिवावर येतं, तरी ठेवा.

'व्हायरसचं औषध' म्हणून दुकानदार बाटली पुढे करेल. घेऊ नका. विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बरं करणारं औषध नाही.

बाकीची कामं:
- माती-पाणी तपासणी; सामू (pH) 6 ते 7
- ठिबकच्या नळ्या धुणे
- बेड 90 सेंमी रुंद, 30 ते 45 सेंमी उंच
- प्लास्टिक काढल्यावर शेणखतातून ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी)
- मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू वर
- पिवळे-निळे चिकट सापळे

पहिला सापळा दाराशीच लावा. माझा अंदाज असा, की कीड आधी दाराजवळच्या आणि वाऱ्याच्या बाजूच्या बेडवर दिसते.

रोपं आत नेण्याआधी पानं उलटून भिंगाने बघा. पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी (ही बारीक कीड). शेंडा आकसलेलं एक जरी रोप दिसलं तरी तो ट्रे दाराबाहेरूनच परत करा.