ऑइल फिल्टर बदलताना रबर रिंगला तेलाचं बोट का आणि कसं लावायचं

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका शनिवारी अंगणात बसून वॅगनआरचं ऑइल आणि फिल्टर बदललं आणि रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन रामटेकला गेलो. गडमंदिरातून खाली येऊन बघतो तर इंजिनखाली तळहाताएवढा काळा डाग. गेज (तेल मोजायची पट्टी) पाहिलं, तेल फारसं उतरलं नव्हतं. जपून परत निघालो आणि कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाजवळ एका मेकॅनिककडे गाडी लावली. त्यानं फिल्टर खोलला, रिंगवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कोरडंच कसलं होतं काय जी?"

रिंग एका बाजूला मुरगळून खाचेबाहेर आली होती. फिल्टर पान्यानं आवळला होता हे मी त्याला सांगितलं नाही, पण फिल्टरच्या डब्यावरचे चेपे त्याला दिसतच होते.

मी गाळलेली पायरी दहा सेकंदांची होती: नव्या फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचं बोट लावणं. ही पायरी का असते ते आधी बघू.

कोरडं रबर काय करतं

फिल्टर फिरवून बसवतो तेव्हा रिंग इंजिनच्या गुळगुळीत धातूवर टेकते आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात त्यावर घासत जाते. कोरडं रबर धातूला धरून ठेवतं. डबा फिरत राहतो, रिंग मात्र जागेवर अडते, ताणली जाते, पिळते आणि कधी फाटते. तुम्हाला मात्र हाताला वाटतं, झालं, घट्ट बसलं. तो घट्टपणा निव्वळ घर्षणाचा असतो. रिंग पुरती दाबलेली नसतेच. मग इंजिन सुरू होतं, आत तेलाचा दाब चढतो आणि जिथे रिंग नीट बसली नाही तिथून थेंब सुटतो.

तेलाचा पातळ थर असला की रिंग सरकते आणि सगळीकडे सारखी दाबली जाते. हाताला जो जोर लागतो तो खरोखर रबर दाबण्याचाच असतो, म्हणून कितपत आवळलं याचा अंदाज खरा येतो. शिवाय पुढच्या वेळी खोलताना रबर धातूला चिकटून बसत नाही. चिकटलेली रिंग हे वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे येतोच.

आधी तयारी

मे महिन्यात हे काम दुपारी काढू नका. नवतपात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सावलीतली फरशीसुद्धा पाठ भाजते. पहाटे सहा ही उत्तम वेळ. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. तेल कोमट होऊन सुटसुटीत गळतं, पण हात भाजत नाही. लांबून आल्या आल्या मात्र चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा) नट खोलू नका.

गाडी उचलावी लागत असेल तर फक्त जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि खाली घोड्या (गाडी पेलणारे स्टँड).

सामान: गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल, त्याच गाडीचा फिल्टर, चेंबरच्या नटाचं नवं वायसर, पट्ट्याचा फिल्टर पाना (फक्त खोलायला), पसरट टब, टॉर्च आणि स्वच्छ सुती चिंध्या. चिंध्यांवर कंजुषी नको. वापरलेल्या मळकट फडक्याने धूळच रिंगेखाली जाते.

जुनं काढा, आणि जुनी रिंग निघाली का बघा

चेंबरचा नट खोलून तेल पूर्ण गळू द्या. नवं वायसर घालून नट परत लावा. इथेही अंगात आणून आवळू नका. चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर आटे मरतात.

आता टब फिल्टरखाली सरकवा आणि फिल्टर डावीकडे फिरवा. अर्धा फेरा पान्यानं, पुढे हातानं. सुटताना आतलं तेल सांडतंच, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ येतो.

फिल्टर हातात आला की लगेच उलटा करून बघा: जुनी रिंग त्यावर आहे का? नसेल तर ती इंजिनलाच चिकटून राहिली आहे. काळ्या तेलात काळं रबर सहज दिसत नाही, म्हणून टॉर्च लावून बोट फिरवा. नखानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं ती सोडवा, स्क्रूड्रायव्हरनं धातू ओरबाडू नका. जुन्यावर नवी रिंग चढली तर थोड्या वेळापुरतं सगळं ठीक वाटतं. पण दोन मऊ रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत, दाबानं एक बाहेर सरकते आणि तेल नुसतं पाझरत नाही, धारेनं जातं. लक्षात येईपर्यंत इंजिन जाम. या सगळ्या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर तेलाचं बोट विसरा, पण जुनी रिंग निघाली का हे बघायला विसरू नका.

मग जिथे रिंग बसते तो धातूचा गोल स्वच्छ पुसा.

तेलाचं बोट

नवा फिल्टर जुन्याशेजारी ठेवून रिंगचा घेर आणि आटे जुळतात का बघा. तोंडावर प्लास्टिकचं झाकण असेल तर काढा. रिंग खाचेत सगळीकडून बसली आहे ना, तेही बघा.

आता गाडीत घालणार आहात त्याच ऑइलच्या डब्यात स्वच्छ बोटाचं टोक बुडवा आणि रिंगवरून एक पूर्ण गोल फिरवा. रबर चमकलं पाहिजे, तेल ओघळता कामा नये. दोन-तीन थेंब पुरतात. कोरडा राहिलेला तुकडा उजेडात लगेच कळतो.

ग्रीस लावणारे जुने मेकॅनिक आहेत, आणि त्यांच्या गाड्या रस्त्यात बंद पडतात असंही नाही. तरी मी लावणार नाही. ग्रीस जाड बसतं, धूळ धरतं. आणि नवं ऑइल तर समोर उघडंच असतं, जे या रबराला आयुष्यभर लागणारच आहे. पेट्रोल, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल मात्र अजिबात नको, त्यांनी रबर फुगू शकतं. सीलंटची ट्यूबही दूर ठेवा. आज गळती थांबेल, पण पुढच्या वेळी फिल्टर छिन्नीनं काढावा लागेल.

काही फिल्टरची रिंग कारखान्यातूनच वंगण लावून येते. डब्यावर तसं लिहिलं असेल तर त्याचं ऐका.

फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर तो निम्मा तेलानं भरून घ्या, इंजिनला कोरडे क्षण कमी मिळतात. आडवा बसत असेल तर भरू नका, ते तेल तुमच्या बाहीत जाईल.

किती आवळायचं

हात आणि डब्याची बाहेरची बाजू कोरडी पुसा. तेलकट हातानं कितीही जोर लावला तरी पकड निसटते आणि माणूस पान्याकडे वळतो. फिल्टर सरळ धरून आटे लावा. सुरुवातीलाच अडला तर जबरदस्ती न करता काढून पुन्हा लावा. रिंग टेकली की फिरणं जड होतं. तिथे डब्यावर मार्करनं खूण करा आणि तिथून पुढे साधारण पाऊण फेरा, फक्त हातानं. काही फिल्टरवर अर्धा किंवा एक फेरा छापलेला असतो, तो आकडा आपल्या अंदाजापेक्षा वरचा.

काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच डिझेलमध्ये, डब्याऐवजी प्लास्टिकच्या टोपीत कागदी फिल्टर असतो. तिथे टोपीवरची ओ-रिंग बदलायची, बरोबर खाचेत बसवून तिलाही तेल लावायचं. टोपी मात्र अंदाजानं आवळायची नाही. किती आवळायची ते बहुधा टोपीवरच छापलेलं असतं, त्यासाठी टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानंच आवळता येणारा) हवा.

तपासणी

पुस्तकातल्या मापाचं तेल घाला आणि इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून टॉर्चनं रिंगेभोवती आणि चेंबरच्या नटापाशी बघा. मग बंद करून दहा मिनिटं थांबा, गेज पुसून पुन्हा बुडवा, कमी असेल तेवढंच भरा. फिल्टर रात्री पांढऱ्या चिंधीनं पुसून ठेवला तर सकाळी थेंब लपत नाही. मी पन्नासएक किलोमीटरनंतर एकदा परत बघतो. नागपूर ते रामटेक बरोबर तेवढंच पडतं.

जुनं तेल नालीत ओतू नका, आपल्याकडच्या नाल्या शेवटी नाग नदीतच जातात. जुन्या डब्यात भरून झाकण लावा, फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा आणि दोन्ही जवळच्या गॅरेजमध्ये द्या. जळकं ऑइल घेऊन जाणारा माणूस त्यांच्याकडे ठरलेला असतो. आणि नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर मार्करनं लिहून ठेवा, पाऊण फेऱ्याची खूण केली तोच मार्कर हातात असतोच.